ऑब्जेक्ट हा उतारा, नोंद नव्हे

एखाद्या ॲपमध्ये खाते उघडताना आपण नाव, मोबाइल क्रमांक, ईमेल, पासवर्ड भरतो आणि बटण दाबतो. त्या बटणामागे प्रोग्रामरने लिहिलेला कोड बहुधा चार-पाच ओळींचाच असतो. ‘वापरकर्ता’ या क्लासचा एक ऑब्जेक्ट बनवायचा, त्यात नाव आणि क्रमांक भरायचा आणि ‘सेव्ह’ म्हणायचे. तीच व्यक्ती दुसऱ्या दिवशी परत आली की तिचा खातेक्रमांक देऊन ‘लोड’ म्हणायचे. भरलेला ऑब्जेक्ट हजर. मधले सगळे काम, म्हणजे डेटाबेसशी बोलणे, तक्त्यात ओळ घालणे, ती शोधून काढणे, तारखेची तारीख आणि आकड्याचा आकडा करणे, हे लायब्ररी करते. जावात हायबरनेट, पायथॉनमध्ये जँगो आणि एसक्यूएल-अल्केमी, रूबीत रेल्स ही त्यांतली नावाजलेली नावे. ही सोय खरी आहे आणि ती नाकारण्यात काही अर्थ नाही. पण या सोयीतून एक समज पक्का होत जातो, की स्मृतीतला ऑब्जेक्ट आणि साठवलेली माहिती या एकच गोष्टी आहेत. त्या एक नाहीत. ऑब्जेक्ट हा सातबाऱ्याच्या उताऱ्यासारखा असतो: काढला त्या क्षणी तो खरा. त्यावर पेनाने खाडाखोड केली म्हणून तलाठ्याच्या दप्तरात फेरफार होत नाही, आणि दप्तरात दुसऱ्या कोणी फेरफार केला तर आपल्या हातातला कागद बदलत नाही. वापरकर्त्यांच्या माहितीबाबत गेल्या पंधरा-वीस वर्षांत घडलेले बरेच गाजलेले घोटाळे हा फरक विसरल्यामुळे झाले आहेत. काय साठवायचे, काय उचलायचे आणि कोणाच्या शब्दावर, हे लायब्ररीवर सोपवता येत नाही. ते प्रोग्रामरने स्वतः लिहून ठेवावे लागते.

दोन्ही बाजूंचा इतिहास पाहिला तर हा ताण आला कुठून ते कळते. ऑब्जेक्टची कल्पना नॉर्वेतली. ओस्लोच्या नॉर्वेजियन कम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन निगार्ड यांनी सिम्युला 67 ही भाषा घडवली. माहिती आणि त्या माहितीवर चालणारी कृती एका गठ्ठ्यात बांधायची हा तिचा गाभा. पुढे झेरॉक्सच्या पार्क या संशोधन केंद्रात स्मॉलटॉक या भाषेने त्याचे शास्त्र केले. आतली माहिती बाहेरच्याने पाहू नये, जे विचारायचे ते ऑब्जेक्टलाच विचारावे, अशी ही शिस्त. दुसरीकडे आयबीएमच्या एडगर कॉड यांनी 1970 मध्ये मांडलेल्या रिलेशनल प्रारूपात माहिती कोणत्याही एका प्रोग्रामच्या मालकीची नव्हती. ती साध्या तक्त्यांत ठेवायची, आणि आज ठाऊक नसलेला प्रश्नही उद्या कोणालाही विचारता आला पाहिजे. एकाला माहिती झाकायची आहे, दुसऱ्याला ती खुली ठेवायची आहे. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते, म्हणूनच दोघे टिकले. आणि म्हणूनच मधे दुभाष्या लागला. नव्वदच्या दशकात स्मॉलटॉकसाठी टॉपलिंक आले. जावाच्या एंटिटी बीन्स या जड पद्धतीला कंटाळून गॅव्हिन किंग यांनी 2001 मध्ये हायबरनेट सुरू केले. मार्टिन फाउलर यांनी 2002 च्या आपल्या पुस्तकात या दुभाष्यांच्या दोन तऱ्हांना नावे दिली. ‘ॲक्टिव्ह रेकॉर्ड’मध्ये ऑब्जेक्टला स्वतःला साठवता येते, ‘डेटा मॅपर’मध्ये ऑब्जेक्टला डेटाबेसचा पत्ताही नसतो, ते काम वेगळा थर करतो. 2004 च्या रेल्सने पहिली तऱ्हा नावासकट उचलली, 2006 च्या एसक्यूएल-अल्केमीने दुसरी. त्याच 2006 मध्ये टेड न्यूअर्ड यांनी या सगळ्या खटाटोपाला संगणकशास्त्राचे व्हिएतनाम म्हटले: शिरणे सोपे, सुरुवातीला यश भरपूर, आणि मग पाय निघत नाही. ही तुलना जरा चढ्या आवाजातली आहे, पण रोख बरोबर होता.

सगळ्यात आधी दिसतो तो वेगाचा प्रश्न. तो सगळ्यात कमी धोकादायकही आहे, तेव्हा थोडक्यात. पन्नास वापरकर्त्यांची यादी दाखवायची आणि प्रत्येकापुढे त्याच्या पत्त्यातले शहर. कोडमध्ये हे एक साधे आवर्तन दिसते: प्रत्येक वापरकर्त्यासाठी, वापरकर्त्याचा पत्ता, पत्त्याचे शहर. कोडमध्ये या शब्दांना जोडणारे टिंब निरुपद्रवी वाटते. पण लायब्ररी पत्ता मागितल्याखेरीज आणत नाही, आणि मागितला की दर वेळी नवी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारणा, सोडते. एक क्वेरी यादीची आणि पन्नास पत्त्यांच्या, अशा एक्कावन्न फेऱ्या. प्रोग्रामरच्या स्वतःच्या संगणकावर डेटाबेस शेजारीच असतो, म्हणून काही जाणवत नाही. प्रत्यक्षात प्रत्येक फेरीला दोन मिलिसेकंद धरले, तर पाच हजार वापरकर्त्यांच्या अहवालाला नुसत्या ये-जा करण्यात दहा सेकंद जातात. जे काम दोन तक्ते जोडणाऱ्या एका क्वेरीत झाले असते, त्याला! उपायही लायब्ररीतच आहेत: जँगोत ‘सिलेक्ट रिलेटेड’, रेल्समध्ये ‘इन्क्लूड्स’. पण ते वापरण्यासाठी आधी कळावे लागते की टिंबामागे प्रवास आहे.

साठवण्याच्या बाजूला याहून नाजूक गोष्ट घडते. जँगोमध्ये आधीपासून असलेला ऑब्जेक्ट ‘सेव्ह’ केला की, वेगळे सांगितले नसेल तर, त्याचे सगळे रकाने पुन्हा लिहिले जातात. बदललेले आणि न बदललेलेही. हायबरनेटचीही मूळ सवय हीच. आता एका खात्याचा विचार करा. ग्राहक स्वतःच्या मोबाइलवरून पत्ता बदलतो आहे आणि त्याच वेळी मदतकक्षातला कर्मचारी त्याचा फोन क्रमांक दुरुस्त करतो आहे. दोघांनी एकाच क्षणी खाते लोड केले. ग्राहकाचा नवा पत्ता आधी साठवला गेला. कर्मचाऱ्याने नंतर सेव्ह केले तेव्हा त्याच्या ऑब्जेक्टमध्ये जुनाच पत्ता होता, तोही निमूटपणे लिहिला गेला. कुठे चूक दाखवली गेली नाही, कुठे तक्रार नोंदली गेली नाही, फक्त ग्राहकाचा पत्ता पुन्हा जुना झाला. रेल्स 2008 पासून बदललेलेच रकाने लिहिते, त्यामुळे हा प्रसंग तिथे टळतो. पण दोघांनी एकच रकाना बदलला तर तिथेही शेवटचा जिंकतो. यावर जुना आणि चांगला इलाज आहे. प्रत्येक ओळीत आवृत्तीचा एक आकडा ठेवायचा, लिहिताना ‘मी वाचली तीच आवृत्ती अजून असेल तरच लिही’ अशी अट घालायची, आणि अट मोडली तर माणसाला विचारायचे. हायबरनेट आणि रेल्स दोन्हींत ही सोय तयार आहे. मात्र ती मागावी लागते, कारण दोघांचे बदल आपटले तर कोणाचे खरे मानायचे हे ठरवणे लायब्ररीच्या हातात नाही. फोन क्रमांकाबाबत उत्तर एक असेल, खात्यातल्या शिलकीबाबत वेगळे.

आतापर्यंतच्या चुका निष्काळजीपणाच्या झाल्या. विश्वासाच्या चुका महाग पडतात. रेल्समध्ये फॉर्ममधून आलेली सगळी माहिती एका झटक्यात ऑब्जेक्टमध्ये ओतण्याची सोय पहिल्यापासून होती. फॉर्ममध्ये नाव आणि ईमेल एवढेच रकाने असतील, तर येतील तेवढेच, असे लिहिणाऱ्याला वाटते. पण ब्राउझरमधून काय पाठवायचे ते पाठवणारा ठरवतो. त्याने ‘ॲडमिन आहे: होय’ असा एक जादा रकाना जोडला आणि क्लासमध्ये त्या नावाचा गुणधर्म असला, तर लायब्ररी तोही इमानदारीने भरते. रशियातल्या एका तरुण प्रोग्रामरने 2012 मध्ये हा धोका रेल्सच्या चालकांपुढे मांडला. काळजी घेणे हे ॲप लिहिणाऱ्याचे काम, असे त्याला सांगण्यात आले. मग त्याने 4 मार्च 2012 रोजी रेल्सवरच चालणाऱ्या गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर ते करून दाखवले. सार्वजनिक किल्ली बदलण्याच्या फॉर्ममधून त्याने आपली किल्ली रेल्सच्या संस्थेच्या खात्याला जोडली आणि रेल्सच्या मूळ कोडमध्ये स्वतःची एक फाइल टाकली. त्याच्या खोड्यांत एक तक्रार एक हजार एक वर्षे पुढच्या तारखेने नोंदवण्याचीही होती. तारखेचा रकानाही बाहेरून भरता येत होता याचा तो पुरावा. गिटहबने त्याचे खाते आधी गोठवले आणि नंतर परत दिले. रेल्सने 2013 च्या चौथ्या आवृत्तीत नियम उलटा केला: कोणते रकाने बाहेरून स्वीकारायचे त्यांची यादी लिहिल्याशिवाय एकही स्वीकारला जाणार नाही. ही यादी लिहिण्याचा कंटाळा करणारे आजही भेटतात. परंतु ‘काळजी घेणे ॲप लिहिणाऱ्याचे काम’ हे उत्तर मला अर्धेच पटते. काम त्याचेच आहे, पण विसरला तर दार बंद राहिले पाहिजे, उघडे नव्हे. एवढी जबाबदारी लायब्ररीची.

याच चुकीचे टोक पाहायचे असेल तर तक्ते बाजूला ठेवून सीरियलायझेशनकडे वळावे लागते. इथे ऑब्जेक्टचे रकाने वेगळे काढलेच जात नाहीत. अख्खा ऑब्जेक्ट, त्याच्या क्लासच्या नावासकट, अक्षरांच्या एका लांब माळेत गुंफला जातो आणि हवा तेव्हा जसाच्या तसा उभा केला जातो. प्रोग्रामरला याहून सोपे काय हवे? जावात 1997 पासून ही सोय आहे, पायथॉनमध्ये पिकल, पीएचपीमध्ये अनसीरियलाइझ. लॉगिन केलेल्या माणसाची माहिती एका पानावरून दुसऱ्या पानावर नेण्यासाठी, म्हणजे सेशन जपण्यासाठी, ती सर्रास वापरली गेली. अडचण अशी, की माळेतून ऑब्जेक्ट उभा करताना नुसती माहिती भरली जात नाही, कोड चालतो. कोणता क्लास उभा राहणार हे माळ सांगते, आणि माळ ज्याच्या हाती तो आपल्या सोयीचा क्लास निवडतो. अनेक क्लासना जन्मताना किंवा मरताना काहीतरी करण्याची सवय असते: फाइल बंद करणे, जोडणी तोडणे, ठरवून दिलेले फंक्शन बोलावणे. अशा निरुपद्रवी सवयींची साखळी जोडून हल्लेखोर सर्व्हरवर हवी ती आज्ञा चालवू शकतो.

डिसेंबर 2015 मध्ये जूमला या लोकप्रिय संकेतस्थळ-प्रणालीवर नेमके हेच झाले, आणि तो प्रसंग तपशिलात पाहण्याजोगा आहे. जूमला लॉगिन केलेल्याचा वापरकर्ता-ऑब्जेक्ट सेशनमध्ये सीरियलाइझ करून डेटाबेसमध्ये ठेवत असे. त्याच सेशनमध्ये भेट देणाऱ्याच्या ब्राउझरने स्वतःची सांगितलेली ओळखही साठवली जाई. ही ओळख म्हणजे ब्राउझरने पाठवलेली एक ओळ. तिच्यात काहीही लिहिता येते. हल्लेखोरांनी तिच्यात जूमलाच्याच एका डेटाबेस-क्लासचा बनावट ऑब्जेक्ट लिहिला. नुसते एवढे पुरले नसते, कारण माळेच्या पुढच्या भागात मजकुराची लांबी आणि शेवट जुळत नव्हता. तिथे मायएसक्यूएल या डेटाबेसच्या जुन्या उणिवेने त्यांना हात दिला. ‘यूटीएफ-8’ नावाने मिळणारी तिची अक्षरपद्धती एका अक्षराला तीनच बाइट देत असे, आणि चार बाइटांचे अक्षर आले की, कडक तपासणी चालू नसेल तर, तिथून पुढचा सगळा मजकूर निमूट कापून टाकत असे. हल्लेखोरांनी बनावट ऑब्जेक्टच्या शेवटी असे चार बाइटांचे चिन्ह ठेवले. साठवताना माळ बरोबर हवी तिथे कापली गेली. लोड करताना पीएचपीच्या सेशन-वाचनातल्या आणखी एका दोषामुळे उरलेला तुकडा वैध सेशन म्हणून वाचला गेला, बनावट ऑब्जेक्ट जिवंत झाला, आणि मरताना त्याने हल्लेखोराची आज्ञा पाळली. जूमलाच्या 1.5 पासून 3.4.5 पर्यंतच्या आवृत्त्यांत ही भेग होती. दुरुस्ती 14 डिसेंबरला आली. हल्ले त्याच्या दोन दिवस आधीच दिसू लागले होते. यातला बारकावा असा, की साठवलेले आणि परत उचललेले एकसारखे असणार, हे गृहीतच इथे मोडले. वाटेत डेटाबेसने मजकूर कापला आणि लायब्ररीला त्याची गंधवार्ता नव्हती.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जावाच्या बाजूला वेबलॉजिक, वेबस्फिअर, जेबॉस आणि जेनकिन्स या चार मोठ्या प्रणाली अशाच रीतीने फोडता येतात हे उघड झाले. साखळीतली महत्त्वाची कडी होती कॉमन्स कलेक्शन्स ही सगळीकडे वापरली जाणारी, स्वतःपुरती अगदी सज्जन लायब्ररी. पीएचपी 7 ने कोणते क्लास उभे राहू द्यायचे त्याची यादी देण्याची मुभा दिली, जावा 9 ने गाळण्या आणल्या. जावाचे मुख्य रचनाकार मार्क रेनहोल्ड यांनी 2018 मध्ये तर 1997 चा तो निर्णयच चुकीचा होता असे जाहीरपणे म्हटले. सगळ्यांनी काढलेली वाट एकच आहे हे लक्षात घ्यावे: यादी लिहा.

आता आक्षेप. पहिला रोखठोक असतो: मग लायब्ररी हवीच कशाला, सरळ एसक्यूएल ही डेटाबेसची भाषाच लिहावी. एसक्यूएल प्रत्येक प्रोग्रामरला यायलाच हवे हे मान्य. पण हाताने लिहिलेल्या एसक्यूएलचा इतिहास काही फार उजळ नाही. वापरकर्त्याने टाइप केलेला मजकूर क्वेरीच्या वाक्यात तसाच चिकटवला की तो मजकूरच क्वेरी बनू शकतो, हे 1998 पासून जाहीर आहे, आणि तरीही एसक्यूएल इंजेक्शन संपलेले नाही. चांगली लायब्ररी किंमत आणि वाक्य वेगवेगळे पाठवते, त्यामुळे हा दोष नेहमीच्या वापरात मुळातच उद्भवत नाही. पासवर्डचेही तसेच. 2012 मध्ये लिंक्डइनचे सुमारे पासष्ट लाख पासवर्ड-हॅश, म्हणजे पासवर्डवरून काढलेले ठसे, बाहेर आले. ते एसएचए-1 ने आणि मिठाविना, म्हणजे प्रत्येकासाठी वेगळा मजकूर न मिसळता, केलेले होते, त्यामुळे दोघांचा पासवर्ड एक तर हॅशही एक. जँगो ही गोष्ट लिहिणाऱ्याच्या मर्जीवर ठेवत नाही. पासवर्डच्या रकान्यात पद्धतीचे नाव, आवर्तनांची संख्या, मीठ आणि हॅश असे चार भाग एकत्र साठवले जातात. जुन्या पद्धतीने साठवलेला माणूस लॉगिन करतो तेव्हाच, खरा पासवर्ड क्षणभर हाती असताना, नव्या पद्धतीचा हॅश करून ठेवला जातो. लोड करण्याच्या क्षणाचा असा उपयोग करणे एकेका संस्थेला सुचेलच असे नाही. तेव्हा माझा विरोध लायब्ररीला नाही. जे काम सगळ्यांचे सारखे आहे ते तिच्याकडे असावे. कोणाचा कोणता रकाना कोणी पाहावा किंवा बदलावा, हे काम सगळ्यांचे सारखे नसते.

दुसरा आक्षेप अधिक हुशार आहे. तक्त्यांचा नादच सोडावा, मोंगोडीबीसारख्या डेटाबेसमध्ये अख्खा ऑब्जेक्ट एक दस्तऐवज म्हणून ठेवावा, दुभाष्या हवाच कशाला? काही कामांना हे छान जमते. पण माहिती ऑब्जेक्टपेक्षा जास्त जगते, आणि त्या आयुष्यात क्लास बदलत राहतो. महाराष्ट्रातलेच उदाहरण घ्या. नाव, वडिलांचे वा पतीचे नाव, आडनाव असे तीन रकाने आपल्याकडच्या असंख्य प्रणालींत गृहीत आहेत. राज्य सरकारने 2024 मध्ये निर्णय घेतला, की 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत बाळाचे नाव, मग आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम राहील. तक्ता असेल तर नवा रकाना जोडावा लागतो आणि जुन्या ओळींत तिथे काय असेल हे ठरवावेच लागते. दस्तऐवजांचा डेटाबेस तसे विचारत नाही. जुने तीन भागांचे आणि नवे चार भागांचे दस्तऐवज शेजारी सुखाने नांदतात. प्रश्न सुटत नाही, फक्त साठवण्याकडून उचलण्याकडे सरकतो: लोड करणाऱ्या प्रत्येक कोडला आता दोन्ही प्रकार ओळखावे लागतात. आणि लांबीचे काय? ‘क्षितिजा’ हे नाव डोळ्याला तीन अक्षरांचे, युनिकोडमध्ये आठ घटकांचे आणि यूटीएफ-8 मध्ये चोवीस बाइटांचे आहे. ओरॅकलमध्ये रकान्याची लांबी मुळात बाइटांत मोजली जाते; पन्नासच्या रकान्यात ‘क्षितिजा कुलकर्णी’ एकोणपन्नास बाइट घेते, आणि आई किंवा वडील यांपैकी कोणालाच जागा उरत नाही. क्लासमध्ये मात्र तो गुणधर्म नुसता ‘मजकूर’ असतो, त्याला टोक नाही. ऑब्जेक्ट बघून ही मर्यादा कधीच दिसणार नाही.

तिसरा आक्षेप कामाच्या ताणातून येतो, आणि मला त्याच्याबद्दल सहानुभूती आहे. प्रत्येक ठिकाणी याद्या लिहायच्या, साठवण्याचा एक क्लास, बाहेर पाठवण्याचा दुसरा, फॉर्मचा तिसरा, म्हणजे तेच नाव तीनदा लिहिणे. छोट्या चमूला हे परवडत नाही. खरे आहे, पुनरुक्ती होते. पण ती एकाच गोष्टीची आहे का, हे पाहावे. डेटाबेसमधल्या वापरकर्त्याजवळ पासवर्डचा हॅश असतो, जन्मतारीख असते, शेवटच्या लॉगिनचा पत्ता असतो, कदाचित मदतकक्षाने लिहिलेला शेराही. दुसऱ्या वापरकर्त्याला दाखवायचे असतात फक्त नाव आणि फोटो. एकच ऑब्जेक्ट दोन्हीकडे वापरला आणि तो जेसन या मजकूर-रूपात बदलून पाठवला, की पडद्यावर दोन गोष्टी दिसतात, पण तारेवरून सगळ्या जातात. ब्राउझरची तपासणी-खिडकी उघडणाऱ्याला त्या वाचता येतात. बाहेरच्यांनाच नव्हे, आतल्यांनाही. ट्विटरने मे 2018 मध्ये आपल्या तेहेतीस कोटी वापरकर्त्यांना पासवर्ड बदलायला सांगितले, कारण हॅश होण्याआधीच पासवर्ड अंतर्गत लॉगमध्ये लिहिले जात होते. कोणी चोरले नव्हते. ते जिथे असण्याचे कारण नव्हते तिथे पोहोचले होते. प्रत्येक वाटेला स्वतःची यादी असली तर नवा गुणधर्म क्लासमध्ये आला म्हणून तो आपोआप कुठेच गळत नाही. छोट्या चमूने बाकी सगळी काटकसर करावी, ही करू नये. उलट चमू छोटा असेल तर एका दुपारी सगळ्या याद्या लिहून होतात. पाच वर्षांनी त्याच कामाला महिने लागतात.

राहता राहिले पुसणे. लायब्ररीत ‘डिलीट’ ही ‘सेव्ह’इतकीच छोटी आज्ञा आहे, आणि सगळ्यात जास्त फसवी. अनेक प्रणालींत ती ओळ काढतच नाही. ‘हटवले’ या रकान्यात तारीख टाकते, आणि पुढच्या प्रत्येक लोडमध्ये अशा ओळी वगळल्या जातात. ऑब्जेक्टच्या जगात माणूस नाहीसा झालेला असतो, तक्त्यात तो पूर्ण शाबूत असतो: नाव, क्रमांक, पत्ता, सगळे. शिवाय बॅकअपमध्ये असतो, लॉगमध्ये असतो, विश्लेषणासाठी काढलेल्या प्रतींत असतो, आणि यांतल्या एकाही जागेची वापरकर्ता-क्लासला खबर नसते. हिशेब, फसवणुकीचा तपास किंवा कायद्याची मुदत यांसाठी काही नोंदी राखाव्या लागतात, हे मान्य. पण ते कारण रकान्यागणिक सांगता यायला हवे. इन्व्हॉइस राखायचे म्हणून जन्मतारीखही राखायची, हे कारण होत नाही. भारताच्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती ही सांगितलेल्या कामासाठी लागणाऱ्या माहितीपुरतीच मानली आहे, आणि बाराव्या कलमात माहिती दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसून घेण्याचा हक्क दिला आहे. त्यामुळे एखाद्या ॲपमधले खाते बंद कराल आणि पडद्यावर ‘आपले खाते हटवले आहे’ असे झळकेल, तेव्हा तेवढ्यावर थांबू नका. माहिती पुसली की नुसती दिसेनाशी केली, आणि काही राखले असेल तर कोणते रकाने, कशासाठी आणि किती काळ, हे त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी विचारा.